खालचा दीड एकर: भीमाकाठच्या एका क्षारपड उसाचं प्रकरण

तीन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीतली गोष्ट. मोहोळ तालुक्यात भीमेच्या बाजूला माझ्या मामांचं चार एकर रान आहे. बांधावर उभा राहून मी ऊस बघत होतो आणि मामा एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होते, "आरं, पाणी कमी पडतंय रं. दुपारचं बघ, पानं कशी सुरळी करत्यात." माझी चप्पल चिखलात रुतली होती. सरीत पाणी होतं, पाण्यावर शेवाळ होतं, आणि त्या पाण्यात उभा असलेला ऊस पाणी नसल्यासारखा दिसत होता.

मी सोलापुरात माती-पाणी तपासणीचं काम करतो. असे प्लॉट वर्षाला कितीतरी बघतो. पण हा मामांचा होता, आणि यात माझीही एक चूक होती. ती पुढे सांगतो.

रानाची ठेवण अशी. वरचा अडीच एकर ओढ्यापासून लांब, थोडा उंचावर. खालचा दीड एकर ओढ्याला लागून. माती दोन्हीकडे सारखीच, काळी, खोल, चुनखडीची. वाण तोच, को ८६०३२. लागण एकाच आठवड्यातली, खतंही सारखी. वर एकरी पंचावन्न टन ऊस निघत होता आणि खाली बावीस. दहा वर्षांपूर्वी खालच्या तुकड्यातही पन्नासच्या पुढे निघायचा, हे मामांना नीट आठवत होतं, कारण त्याच पैशांवर त्यांनी घराचा स्लॅब टाकला होता.

खालचा ऊस जवळून पाहिला. फुटवे कमी, कांड्या बोटभर. कोवळी पानं पिवळी पडलेली, शिरा तेवढ्या हिरव्या. याला आपल्याकडे केवडा पडला म्हणतात. खालच्या जुन्या पानांची टोकं मात्र जळालेली होती आणि हे जळणं कडेकडेने आत सरकत होतं. मला ही दुसरी खूण महत्त्वाची वाटली. लोह मिळालं नाही तर आधी नवी पानं पिवळी पडतात. मीठ मात्र जुन्या पानांत साठतं, कारण ती जास्त दिवस पाणी ओढत आलेली असतात. एकाच उसावर वरून केवडा आणि खालून करपा असेल तर एकट्या लोहाच्या कमतरतेने ते होत नाही. दुकानदाराने फक्त शेंड्याचा फोटो बघितला होता. दोन वर्षं मामा त्याच्या सांगण्यावरून फेरस सल्फेट आणि कसली कसली टॉनिकं फवारत होते. फवारल्यावर पंधरा दिवस पानं हिरवी दिसायची, मग पुन्हा तेच.

आता माझी चूक. त्याच्या आदल्या वर्षी मामांनी फोनवर विचारलं होतं, "मीठ फुटलंय रानात, काय टाकू?" मी गडबडीत होतो. म्हणालो, "जिप्सम टाका मामा." त्यांनी दहा पोती आणून विस्कटली. काहीच फरक पडला नाही आणि जिप्समवरचा त्यांचा विश्वास उडाला. रान न बघता, खड्डा न खणता मी औषध सांगितलं होतं.

या वेळी आधी खड्डा घेतला. खालच्या तुकड्यात साडेतीन फुटांवर पाणी लागलं. फेब्रुवारीत, पाऊस थांबून चार महिने झाल्यावर. वरच्या तुकड्यात सहा फूट खणूनही फक्त ओल होती. निम्मं उत्तर त्या खड्ड्यातच होतं.

मातीचे आणि विहिरीच्या पाण्याचे नमुने तपासले. खालच्या मातीचा सामू (पीएच) ८.७, ईसी म्हणजे विद्युत वाहकता, विरघळलेल्या मिठाचं माप, १.९ डेसिसायमन प्रति मीटर (पुढचे ईसीचे आकडेही याच एककात) आणि विनिमययोग्य, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेला, सोडियम १३ टक्के. वरची ईसी ०.५. विहिरीच्या पाण्याची ईसी २.०.

इथे एका गोष्टीपाशी थोडं थांबतो, कारण सोलापूर जिल्ह्यात हिच्यामुळे फसलेली माणसं मी खूप पाहिली आहेत. पुस्तकात लिहिलेलं असतं की ईसी ४ च्या वर गेली की जमीन खारवट. मामांचा अहवाल १.९ सांगतो. मग जमीन चांगलीच म्हणायची? नाही. पुस्तकातला ४ हा आकडा मातीचा संपृक्त, म्हणजे पाण्याने पूर्ण भरलेला, लगदा करून त्यातून ओढून काढलेल्या पाण्याचा आहे. आपल्या प्रयोगशाळा बहुतेक वेळा एक भाग माती आणि अडीच भाग पाणी घेऊन ईसी मोजतात, म्हणजे मीठ आधीच पातळ झालेलं असतं. आपल्या काळ्या चिकणमातीचा लगदा व्हायला शंभर ग्रॅमला साधारण ऐंशी ग्रॅम पाणी लागतं. तपासणीत आपण घातलं अडीचशे ग्रॅम. अडीचशेला ऐंशीने भागा, तीनच्या जरा वर येतं. म्हणजे मामांचे १.९ पुस्तकाच्या भाषेत जवळपास ६ झाले. मातीत जिप्सम असेल तर हा हिशेब थोडा ढळतो, पण अंदाजाला पुरतो. तेव्हा कार्डावर १.५ बघून सुटकेचा निःश्वास टाकणाऱ्याने आधी विचारावं, ही ईसी कोणत्या पद्धतीने काढली?

दुसरा फसवा आकडा सोडियमचा. विनिमययोग्य सोडियम १५ टक्क्यांच्या वर गेला की जमीन चोपण, म्हणजे सोडियमने बिघडलेली, ही रेषा अमेरिकेतल्या रिव्हरसाइडच्या क्षार प्रयोगशाळेने १९५४ साली घालून दिली. मामांचा आकडा १३, म्हणजे रेषेच्या आत. पण आपल्या काळ्या मातीतली चिकण फुगणारी आहे. तिला पाच-सहा टक्के सोडियमही बिघडवायला पुरतो. कण एकमेकांपासून सुटतात, बारीक छिद्रं बुजतात, पाणी वरच्या वर थांबतं. ओली असताना चिखल आणि वाळली की ढेकूळ कुदळीला दाद देत नाही. मामांच्या खालच्या रानाचं नेमकं तेच झालं होतं.

उसाच्या आत काय चाललं होतं

मामांचं म्हणणं पूर्ण चूक नव्हतं. ऊस तहानलेला होताच. पण पाणी असून त्याला ते ओढता येत नव्हतं.

मूळ पाणी ओढतं ते मुळातल्या रसाची ओढ मातीतल्या पाण्यापेक्षा जास्त असते म्हणून. मातीच्या पाण्यात मीठ वाढलं की तेही पाण्याला धरून ठेवू लागतं. ईसी एकने वाढली की ही ओढ साधारण ०.३६ बारने वाढते. मामांच्या रानात लगद्याची ईसी ६, म्हणजे दोन बारच्या वर. पण ऊस काही लगद्यात उभा नसतो. रान वाफशावर येतं तेव्हा मातीतलं पाणी लगद्याच्या साधारण निम्मं उरतं आणि मीठ तेवढंच राहतं. ईसी १२ झाली, ओढ चार बारच्या पुढे गेली. आणखी वाळलं की आणखी वाढली. सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यांत, पारा बेचाळीसवर असताना, वरून हवा पाणी मागते आणि खालून मीठ ते सोडत नाही. अशा वेळी ऊस पानावरची छिद्रं मिटून घेतो. पाणी वाचतं, पण हवेतला कर्बवायूही आत येत नाही, मग साखर कशातून बनणार? नवी पानं छोटी निघतात, फुटवे थांबतात, कांडी लांबत नाही. यात अजून विष वगैरे काही नाही. नुसती तहान, आणि तिचा परिणाम मीठ वाढल्याबरोबर दिसू लागतो.

विषाचा भाग आठवड्यांनी, महिन्यांनी येतो. झाड जेवढं पाणी पानात ठेवतं त्याच्या सुमारे पन्नास पट पाणी हवेत सोडतं. पाणी उडतं, मीठ मागे राहतं. म्हणून मुळाने मातीतल्या पाण्यातलं मीठ जवळजवळ सगळंच, अठ्ठ्याण्णव टक्क्यांच्या आसपास, दाराबाहेर अडवावं लागतं. तेवढं जमलं नाही की पानात सोडियम आणि क्लोराइड साचत जातात. सोडियम आणि पोटॅशियम कणांच्या दृष्टीने एकमेकांसारखे, त्यामुळे सोडियम पोटॅशियमच्या वाटेने आत घुसतो. पेशीतली कितीतरी विकरं (एन्झाइम) पोटॅशियमवर चालतात, तिथे सोडियम बसला की काम अडतं. झाड आपल्या परीने झुंजतं. आत आलेला सोडियम मुळातून परत बाहेर पंप करतं, उरलेला पेशीच्या पोकळीत कोंडून ठेवतं, आणि पाण्याचा तोल सांभाळायला प्रोलिनसारखे पदार्थ बनवतं. या सगळ्याला ऊर्जा लागते. जी साखर कांडीत जायची ती या झुंजीत खर्च होते. तरीही जुनी पानं नव्या पानांपेक्षा वेगाने मरू लागली की झाडाचा संसार तोट्यात जातो.

तिसरा मार उपासमारीचा. सामू ८.७ असलेल्या चुनखडीच्या मातीत लोह आणि जस्त असूनही मुळाला मिळत नाही, म्हणून केवडा. अशा रानात वर टाकलेल्या युरियातला बराच नत्र अमोनियाच्या रूपात हवेत उडतो. मामा खालच्या तुकड्याला मुद्दाम जास्त युरिया देत होते, "अशक्त हाय, त्याला जरा जास्ती घालाव" म्हणून.

आणि साखर? खारवट रानातल्या उसाच्या रसात सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड जास्त उतरतं, ते साखरेला दाणा धरू देत नाही. गूळ केला तर जिभेला खारट लागतो आणि टिकत नाही. पण उसाचा दर कारखान्याच्या सरासरी साखर उताऱ्यावर ठरतो. त्यामुळे आपल्या रानाने किती साखर गमावली हे एकट्या शेतकऱ्याला कळतच नाही. त्याला दिसतो फक्त वजनकाट्यावरचा आकडा.

हिशेब जुळेना

पिकांच्या क्षार सहनशीलतेचे आकडे मास आणि हॉफमन या शास्त्रज्ञांनी १९७७ साली एका सोप्या सूत्रात मांडले. प्रत्येक पिकाची एक मर्यादा असते, तिथपर्यंत उत्पादन घटत नाही. पुढे ईसीच्या दर एककाला ठराविक टक्के घट. उसाची मर्यादा १.७, घट ५.९ टक्के. ज्वारीची मर्यादा ६.८, घट १६ टक्के. कांदा १.२ लाच कण्हू लागतो.

मामांच्या रानाची ईसी ६ धरली तर उसाला पंचवीस टक्क्यांच्या आसपास फटका बसायला हवा. पंचावन्नाचे एकेचाळीस टन व्हायला हवेत. झाले बावीस. एकोणीस टन कुठे गेले?

मला या प्रकरणात सगळ्यात जास्त शिकवलं ते या एकोणीस टनांनी. मास-हॉफमनचे आकडे ज्या रानांतून आले तिथे पाण्याचा निचरा चांगला होता. मामांच्या रानात मुळं साडेतीन फुटांवरच्या पाण्याच्या छताशी जाऊन थांबत होती, आणि वरच्या फूटभर मातीत पाळी दिली की आठ-आठ दिवस पाणी उभं. मुळाला हवा नाही. हवा असेल तर ग्लुकोजच्या एका रेणूपासून पेशीला एटीपीचे, म्हणजे तिच्या इंधनाचे, तीसच्या आसपास रेणू मिळतात, नसेल तर फक्त दोन. सोडियम बाहेर फेकणारा पंप त्याच एटीपीवर चालतो. म्हणजे ज्या रानात मीठ जास्त, तिथेच मुळाचा पंप बंद पडलेला. गुदमरलेलं मूळ मीठ अडवू शकत नाही, ते सरळ पानात जातं. खारवटपणा आणि पाणथळपणा वेगवेगळे मोजले तर दोन्ही सोसण्यासारखे वाटतात. एकत्र आले की पीक बसतं.

आणि ऊस माना टाकतोय म्हणून मामा त्याला आणखी पाणी पाजत होते.

मीठ आलं कुठून

मामा म्हणाले, "आमच्या आज्यानं हितं गहू-हरभरा केला. तवा मीठ कुठं व्हतं?"

पाण्याबरोबर आलं. ईसी २.० च्या पाण्यात लिटरला साधारण १,२८० मिलिग्रॅम क्षार असतात. ऐकायला किरकोळ वाटतं, तोंडाला जेमतेम मचूळ लागतं. पण एका एकरावर वर्षभरात त्या पाण्याचा एकूण एक मीटर थर दिला, आणि मोकाट पाणी दिलेल्या उसाला त्याच्या दुप्पटही जातं, तर एकरात पाच टनांच्या वर क्षार पडले. दहा ट्रॉल्या ऊस बाहेर गेला तरी त्यातलं फारच थोडं त्याच्याबरोबर गेलं. हा आकडा मी वहीवर मांडला तेव्हा मामा काही वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "दरसाल?"

मीठ येतं हे खरं, पण येणारं मीठ जाऊही शकतं, जाण्याला वाट असेल तर. वरच्या तुकड्याला तीच विहीर, तेच पाणी. तिथलं मीठ पावसाळ्यात खाली उतरतं आणि उताराने सरकत येतं ते खालच्या दीड एकरात. खालच्या बांधाला पूर्वी एक चर होता, चार फूट खोल, ओढ्याला मिळणारा. दहा वर्षांपूर्वी मामांनी तो बुजवला. दोन गुंठे रान वाढलं. त्याच सुमारास पुढचा ओढाही गाळाने आणि वेड्या बाभळीने भरला. वाट बंद झाली, पाण्याची पातळी वर आली, आणि उन्हाळ्यात ते पाणी मातीच्या बारीक नळ्यांतून वर चढून उडून जाऊ लागलं, मीठ वर ठेवून. मार्च-एप्रिलमध्ये वरंब्यावर दिसणारा पांढरा थर हाच.

हे काही मामांपुरतं नाही आणि नवंही नाही. नीरेच्या कालव्यांनी पाणी आणलं आणि काही वर्षांतच तिथली काळी रानं खारवू लागली. १९१० साली पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे डॉ. हॅरॉल्ड मान आणि तम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर सविस्तर अहवाल लिहिला होता. पुढे १९८० साली उजनी धरण पूर्ण झालं आणि माढा, मोहोळ, पंढरपूरच्या शिवारांत कालव्याचं पाणी खेळू लागलं. साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या जिल्ह्याला त्या पाण्याने जगवलं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मी स्वतः त्या उसाच्या पैशांवर शिकलो. पण पाणी आणण्यावर जेवढा विचार झाला तेवढा ते बाहेर काढण्यावर झाला नाही, आणि त्याची किंमत आज ओढ्याकाठची, खोलगट रानं मोजत आहेत.

काय केलं, आणि कोणत्या क्रमाने

आधी चर. बाकी सगळं त्यानंतर. मामांना हे पटवायला दोन महिने गेले, कारण दोन गुंठे परत द्यायचे होते. त्याहून जास्त त्रास ओढ्याने दिला. ओढ्याचा दोनशे फुटांचा पट्टा भावकीतल्या दोघांच्या बांधाला लागून होता. एकाचं म्हणणं, गाळ माझ्या बाजूला टाकू नका. दुसऱ्याचं म्हणणं, तुमचं खारं पाणी माझ्या विहिरीला लागेल. शेवटी तिघांनी मिळून जेसीबी लावला. बांधाच्या भांडणात मी बोलायला गेलो नाही, मामी गेल्या. त्यांनी चहा पाजून जे केलं ते मला जमलं नसतं.

जमिनीखाली सच्छिद्र पाईप टाकून निचरा करणं जास्त चांगलं, रान वाया जात नाही. पण एकट्याच्या दीड एकराला तो खर्च झेपणारा नव्हता, आणि पाईपचं पाणी सोडायला ओढा मोकळा लागतोच. म्हणून उघडा चर.

एप्रिलमध्ये चर खणून झाला. तिसऱ्या दिवशी त्यात पाणी पाझरून वाहू लागलं. मी ते बाटलीत घेतलं. ईसी विहिरीच्या पाण्याच्या तिपटीहून जास्त. मामांनी बोट बुडवून जिभेला लावलं आणि थुंकले. मग बराच वेळ त्या वाहत्या पाण्याकडे बघत राहिले.

त्यानंतर जिप्सम. या वेळी हिशेब करून. जमिनीची धनभार विनिमय क्षमता, म्हणजे कॅल्शियम-सोडियमसारखे धनभारित कण धरून ठेवण्याची ताकद, शंभर ग्रॅमला पन्नास मिलिइक्विव्हॅलंटच्या आसपास, सोडियम १३ वरून ५ टक्क्यांवर आणायचा, म्हणजे शंभर ग्रॅम मातीतला चार मिलिइक्विव्हॅलंट सोडियम हटवायचा. वरच्या अर्ध्या फुटासाठी एकरी तीन टनांच्या वर जिप्सम लागतं, दीड एकराला जवळपास पावणेपाच टन. आदल्या वर्षी मामांनी दहा पोती, म्हणजे अर्धा टन टाकलं होतं. गरजेचा दहावा हिस्सा, आणि तोही चर नसताना. जिप्सममधला कॅल्शियम मातीच्या कणावरचा सोडियम हटवून त्याची जागा घेतो. हटलेला सोडियम सल्फेटबरोबर पाण्यात विरघळतो. ते पाणी बाहेर गेलं तर जमीन सुधारली. नाही गेलं तर सोडियम तिथेच फिरत राहिला. म्हणूनच गेल्या वेळचं जिप्सम वाया गेलं होतं.

सगळं एकदम न टाकता निम्मं पहिल्या वर्षी आणि निम्मं दुसऱ्या वर्षी टाकलं. मेअखेरीस विस्कटून वरच्या चार-पाच इंच मातीत मिसळलं, सोबत प्रेसमड, म्हणजे कारखान्यात उसाचा रस गाळून उरणारा गाळ. नांगर खोल घातला नाही. जिप्सम खोल गाडलं तर वरच्या थराला त्याचा उपयोग होत नाही. बांध नीट घातले, म्हणजे पावसाचं पाणी वाहून न जाता रानात मुरेल. पावसाच्या पाण्यात मीठ जवळपास नसतंच, धुण्यासाठी त्याहून चांगलं पाणी सोलापुरात कुठे मिळणार? जूनमध्ये धैंचा हे हिरवळीच्या खताचं पीक पेरलं, दीड महिन्याने फुलोऱ्याआधी गाडलं. धैंचा मीठही सोसतो, उभं पाणीही सोसतो, आणि त्याची मुळं बुजलेल्या मातीत पाण्याला वाटा करून देतात.

मग प्रश्न आला रब्बीत काय घ्यायचं. मी म्हणालो, शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी.

"जोंधळा? बागायती रानात?" मामांना तो अपमान वाटला. उसातून ज्वारीकडे जाणं म्हणजे आज्याच्या काळात परत जाणं, असं आपल्याकडे आता वाटतं. मी त्यांच्यासमोर वही धरली. ईसी ६ ला उसाचं उत्पादन पाऊण होतं, ज्वारीला काहीच फरक पडत नाही. ८ ला ऊस त्रेसष्ट टक्के, ज्वारी एक्क्याऐंशी. ज्वारी बराच वेळ ताठ उभी राहते, पण मर्यादा ओलांडली की झपाट्याने कोसळते, आणि १० च्या आसपास दोघंही निम्म्यावर येतात. त्यामुळे ज्वारी म्हणजे कितीही खारट रानाचं उत्तर, असंही नाही. आधी पावसाळ्यात वरचा थर धुऊन घ्यायचा आणि मग पेरायची.

दुसरा हिशेब मामांना जास्त पटला. मीठ मुळाखाली ढकलायला पिकाच्या गरजेपेक्षा थोडं जास्त पाणी द्यावं लागतं. विहिरीच्या या पाण्यावर ऊस पूर्ण उत्पादनाने घ्यायचा तर सुमारे एकतीस टक्के पाणी नुसतं धुण्यासाठी खाली सोडावं लागेल. ज्वारीला सहा टक्के पुरतात. "म्हंजी उसाला निम्मं पाणी प्यायला आन् निम्मं आंघोळीला," मामा म्हणाले. निम्मं नाही, पण मी दुरुस्ती केली नाही.

मालदांडी ३५-१ पेरली. हे वाण मोहोळच्या संशोधन केंद्रातच स्वातंत्र्यापूर्वी निवड पद्धतीने तयार झालेलं, आणि पलीकडच्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. आपल्याच मातीतलं पीक, आणि आपणच त्याला हलकं समजतो याचं मला वाईट वाटतं. एकरी सात क्विंटल निघाली. फार नाही. एका कोपऱ्यात दहा-बारा गुंठ्यांत उगवणच झाली नाही, तिथे मीठ अजून होतं. पण कडबा भरपूर मिळाला, आणि मामींनी जानेवारीत सगळ्या भावकीला हुरड्याला बोलावलं. ओढ्यावरून भांडणारे दोघंही आले होते.

वरच्या अडीच एकरात ऊसच ठेवला, पण ठिबकवर. तिथे एक गोष्ट मामांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवायला लावली. ठिबकखाली मीठ ओल्या पट्ट्याच्या कडेला जाऊन जमतं. अवकाळीची हलकी सर आली की तेच मीठ परत मुळात उतरतं. म्हणून सर येत असताना ठिबक बंद करायचं नाही, उलट चालू ठेवायचं. पाऊस पडतोय आणि मोटार चालू, हे बघून शेजारी हसले होते.

दोन पावसाळ्यांनंतर खालच्या तुकड्याची ईसी आमच्या पद्धतीने १.९ वरून १.० वर आली, म्हणजे लगद्याच्या हिशेबाने तीनच्या आसपास. सोडियम १३ वरून ९ वर. तो कमी व्हायला अजून दोन-तीन वर्षं जातील असं मला वाटतं. खड्ड्यातलं पाणी फेब्रुवारीत पाच फुटांवर गेलं आहे. आकड्यांप्रमाणे आता ऊस लावला तर नव्वद टक्क्यांच्या आसपास यायला हरकत नाही, आणि मामा ते बरोबर ओळखून आहेत. या वर्षी लावायचाच म्हणतात, क्षारपड रानात तग धरणारा फुले २६५ हा उसाचा वाण आणायचा म्हणतात. मी आणखी एक हंगाम थांबा म्हणतोय. विहिरीचं पाणी तेच आहे, पाच टनांचा हिशेब तोच आहे.

एक प्रश्न मात्र आम्हा दोघांनाही सोडवता आलेला नाही. आमचं मीठ चरातून ओढ्यात जातं, ओढा पुढे भीमेला मिळतो, आणि मध्ये चार विहिरी आहेत. पावसाळ्यात ओढा भरून वाहतो तेव्हा ते पातळ होतं. जानेवारीनंतर ओढ्यात पाण्याची धार बोटाएवढी असते, तेव्हा नाही. त्यामुळे उन्हाळ्यात चराच्या तोंडाला माती लावायची आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर ती काढायची, असं आम्ही ठरवलंय. एप्रिलच्या खणण्याच्या वेळी मला हे सुचलं नव्हतं.

गेल्या महिन्यात मामा सोलापुरात आले, हातात पिशवी. पिशवीत पाण्याची एक बाटली, वर मार्करने लिहिलेलं भावकीतल्या त्या दुसऱ्याचं आडनाव. "त्याच्या विहिरीचं हाय. त्यानं दिलं न्हाई, मीच भरून आणलंय. बघ बरं, वाढलंय का."